चौकट आधी न ठरणारी चित्रे

मुद्रणासाठी मांडणी करणाऱ्याला कामाच्या आरंभीच एक गोष्ट ठाऊक असते, ती म्हणजे कागदाचे माप. डेमी असो, क्राउन असो वा वृत्तपत्राचे पूर्ण पान असो, चौकट ठरल्यानंतरच तिच्यात मजकूर आणि चित्र कोठे बसवायचे याचा विचार सुरू होतो. वेबसाइटसाठी चित्र तयार करणाऱ्याला मात्र ही सोय नसते. एकच छायाचित्र एका वाचकासमोर तळहाताएवढ्या पडद्यावर उभे उघडते, दुसऱ्यासमोर कचेरीतल्या रुंद मॉनिटरवर आडवे पसरते, आणि तिसऱ्याने वाचता वाचता फोन आडवा धरला की त्याच क्षणी त्याचे माप बदलते. पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपली मांडणी बदलून घेणाऱ्या अशा वेबसाइटला रिस्पॉन्सिव्ह म्हणतात. तिच्यातील चित्रांच्या मूळ डिझाइन फाइली कशा आखाव्यात, त्यांतून कोणती चित्रे कोणत्या मापांत काढावीत आणि ती प्रोग्रॅमरच्या हाती कोणत्या सूचनांसह सोपवावीत, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

डिझाइन फाइल आणि वाचकापर्यंत पोहोचणारे चित्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे नवख्या वाचकाने प्रथम ध्यानात घ्यायला हवे. फोटोशॉप, इलस्ट्रेटर किंवा फिग्मा यांसारख्या साधनात तयार होणारी मूळ फाइल लेयरची, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या स्वतंत्र थरांची बनलेली असते. तिच्यात मजकूर, पार्श्वभूमी, छायाचित्र आणि चिन्हे वेगवेगळी राहतात आणि केव्हाही बदलता येतात. तिच्यातून एक्स्पोर्ट करून, म्हणजे थर एकत्र मिटवून आणि आकाराने आटोपशीर करून काढलेली फाइल ही सर्व्हरवर चढते. पूर्वी या एक्स्पोर्टलाच तयारी समजले जाई. प्रस्तुत पुस्तकाची भूमिका अशी की खरी तयारी त्याच्या बरीच आधी होते: चित्रात काय बदलले तरी चालेल आणि काय कोणत्याही मापात बदलता कामा नये, याचा निर्णय डिझाइनरने घेऊन तो फाइलमध्येच नोंदवून ठेवायचा असतो. जो निर्णय डिझाइनर घेत नाही तो ब्राउझर घेतो, आणि ब्राउझरला चित्राचा अर्थ कळत नाही.

महाराष्ट्रात वेबसाइटच्या कामाकडे वळलेल्यांपैकी अनेक जण डीटीपीच्या कामातून आले, आणि पेजमेकर, कोरलड्रॉ यांवर बसलेल्या हाताबरोबर मुद्रणाचे काही नियमही आले. हे नियम चुकीचे नव्हते. ते दुसऱ्या माध्यमाचे होते. मुद्रणासाठी रंग सीएमवायके पद्धतीने, म्हणजे चार शाईंच्या प्रमाणांत लिहिले जातात, तर पडदा लाल, हिरवा आणि निळा अशा तीन प्रकाशांनी रंग घडवतो. म्हणून वेबसाठीचे चित्र एसआरजीबी या रंगव्यवस्थेत असावे लागते, जी ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडली. सीएमवायकेमधले जेपेग तसेच चढवले तर बहुतेक ब्राउझर ते दाखवतात खरे, पण हिशेबात न धरलेल्या रंगांत.

रिझोल्यूशनचा गैरसमज याहून चिवट आहे. एका इंचात ३०० ठिपके ही छपाईची गरज, आणि वेबसाठी ७२ पुरेत, हे सूत्र आजही शिकवण्यांतून सांगितले जाते. ७२ हा आकडा १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावरून आला, कारण त्याच्यावर एका इंचात तेवढेच पिक्सेल होते. आजच्या फोनवर ते ४०० च्या पुढेही असतात. चित्रफाइलीत ७२ लिहिले काय किंवा ३०० लिहिले काय, १२०० पिक्सेल रुंदीचे चित्र १२०० पिक्सेल रुंदच राहते, आणि ब्राउझर त्या नोंदीकडे पाहतही नाही. इंच विसरून पिक्सेलमध्ये विचार करायला शिकणे ही या विषयाची पहिली पायरी आहे; दुसरी पायरी, जी पुढे येईल, ती पिक्सेल हे मापही एकच एक नसते हे समजून घेण्याची.

वेबपानावर चित्राचा प्रवेश १९९३ मध्ये झाला. त्या वर्षाच्या फेब्रुवारीत मार्क अँड्रीसन यांनी मजकुरात चित्र घालण्यासाठी एका नव्या टॅगचा, म्हणजे ब्राउझरला उद्देशून लिहिलेल्या खुणेचा, प्रस्ताव मांडला आणि त्यांच्या मोझॅक या ब्राउझरने ती अमलातही आणली. त्या खुणेत चित्राचा पत्ता एकच असे. एका जागेसाठी एक चित्र, हा त्या वेळचा साधा आणि रास्त करार पुढची वीस वर्षे टिकला, आणि नंतरच्या बहुतेक अडचणींचे मूळही त्यातच आहे. चित्रांचे प्रकार त्या काळी मोजकेच होते. कॉम्प्युसर्व्हने १९८७ मध्ये आणलेले जिफ २५६ रंगांपर्यंतच्या सपाट चित्रांना चाले, आणि १९९२ चे जेपेग हे प्रमाण छायाचित्रांना. जिफमधील संकोचनपद्धतीवर असलेल्या पेटंटचा वाद १९९४ च्या अखेरीस उफाळला, तेव्हा त्याला मुक्त पर्याय म्हणून पीएनजी जन्मले आणि १९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची शिफारस म्हणून मान्य झाले.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात डिझाइनरांनी वेबपानाला कागदासारखेच वागवले. डेव्हिड सीगल यांच्या १९९६ च्या पुस्तकाने अदृश्य, एका पिक्सेलच्या जिफने अंतरे राखण्याची युक्ती घरोघरी नेली. संपूर्ण पान फोटोशॉपमध्ये रंगवायचे, मग सुरीने कापल्यासारखे त्याचे चौकोनी तुकडे, म्हणजे स्लाइस, पाडायचे आणि ते तक्त्याच्या घरांत शेजारी शेजारी बसवून पान पुन्हा जोडायचे, अशी पद्धत रूढ झाली. १९९९ च्या फोटोशॉप ५.५ मध्ये वेबसाठी जतन करण्याची स्वतंत्र आज्ञा आली आणि जोडीला इमेजरेडी हे साधन मिळाले, त्यामुळे ही कापाकापी यंत्रवत सोपी झाली. त्या पानांना हसणे आज सोपे आहे, परंतु ब्राउझरांकडे मांडणीची दुसरी धड साधने नसताना त्या डिझाइनरांनी मिळेल त्या हत्याराने काम निभावले, हे विसरता येत नाही. २००८ च्या सुमारास ९६० पिक्सेल रुंदीची जाळी जवळजवळ सर्वमान्य झाली आणि काही काळ वाटू लागले की वेबलाही अखेर आपले कागदाचे माप सापडले.

या समजुतीविरुद्धचा आवाज त्याआधीच उठलेला होता. जॉन ऑलसॉप यांनी एप्रिल २००० मध्ये 'अ लिस्ट अपार्ट' या नियतकालिकात लिहिलेल्या निबंधात, वेबची लवचीकता ही उणीव न मानता तिचा स्वभाव मानावा, असे ताओवादाच्या आधाराने सुचवले होते. ते पटायला आयफोन यावा लागला. २००७ मध्ये आलेल्या त्या फोनचा पडदा उभा धरल्यावर ३२० पिक्सेल रुंद होता, आणि ९६० च्या जाळीवर आखलेली पाने त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांची दिसू लागली. आधी फोनसाठी वेगळ्या वेबसाइटी निघाल्या. मग मे २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी त्याच नियतकालिकात तीन जुनी तंत्रे एकत्र गुंफून रिस्पॉन्सिव्ह डिझाइनची कल्पना मांडली: टक्क्यांत मोजलेली जाळी, आपल्या रकान्याबाहेर न जाणारी चित्रे, आणि पडद्याच्या रुंदीप्रमाणे वेगळे नियम लागू करणाऱ्या मीडिया क्वेरी. ज्या रुंदीला मांडणी पालटते तिला ब्रेकपॉइंट म्हणतात, आणि हा शब्द पुस्तकात पदोपदी येईल.

मार्कोट यांनी चित्रांसाठी दिलेला नियम एका ओळीचा होता: चित्राची कमाल रुंदी तो रकाना जितका रुंद तितकी. मांडणीचा प्रश्न त्याने सुटला आणि वजनाचा प्रश्न उभा राहिला. मोठ्या पडद्यासाठी काढलेले २००० पिक्सेलचे छायाचित्र फोनवर ३२० पिक्सेलमध्ये आक्रसून दिसे, पण उतरवून घ्यावे लागे पूर्णच. त्याच वर्षी आयफोन ४ ने दुसरा पेच टाकला. त्याचा पडदा आधीच्या फोनएवढाच होता, परंतु त्यावर ३२० बाय ४८० ऐवजी ६४० बाय ९६० पिक्सेल होते. तेव्हापासून मांडणीचा पिक्सेल आणि काचेवरचा प्रत्यक्ष पिक्सेल यांची फारकत झाली. आज बाजारातल्या अनेक अँड्रॉइड फोनांची मांडणीची रुंदी ३६० पिक्सेल असते आणि प्रत्यक्ष रुंदी ७२० किंवा १०८०. या गुणोत्तराला पिक्सेल-घनता म्हणतात. घनता ३ असेल तर ३६० बाय २४० मापाच्या जागेसाठी १०८० बाय ७२० चे चित्र लागते, म्हणजे पिक्सेल तिप्पट नव्हे तर नऊपट. शिवाय संकोचित फाइल कितीही लहान असली तरी दाखवण्यापूर्वी ती पूर्ण उलगडावी लागते आणि दर पिक्सेलला साधारणपणे ४ बाइट स्मृती व्यापते. कॅमेऱ्यातून थेट चढवलेले ४००० बाय ३००० चे छायाचित्र फोनच्या स्मृतीत सुमारे ४८ मेगाबाइट जागा अडवते. स्वस्त फोनवर पान अडखळत सरकते त्याचे कारण पुष्कळदा नेटवर्क नसते, हे असते.

येथे दोन प्रश्न वेगळे करावे लागतात, आणि पुस्तकाचा मोठा भाग या भेदावर उभा आहे. पहिला प्रश्न केवळ मापाचा: चित्र तेच, रचना तीच, फक्त लहान पडद्याला लहान आणि घन पडद्याला मोठी प्रत मिळावी. दुसरा प्रश्न रचनेचा: लहान पडद्यावर ते चित्र नुसते लहान करून चालत नाही, वेगळे कापावे लागते. सत्काराच्या छायाचित्राचे उदाहरण मराठी संस्थांच्या वेबसाइटींवर जागोजागी सापडते. व्यासपीठावर बारा जण ओळीने उभे आहेत, मागे फलक आहे, समोर समई आहे. रुंद पडद्यावर सारे ओळखू येतात, आणि फोनवर प्रत्येक चेहरा वाटाण्याएवढा होतो. म्हणून कापायचे ठरवले, आणि ते काम यंत्रावर सोपवले, तर ते मध्यावरून कापते. प्रमुख पाहुणे वाचतात, आणि कडेला उभे राहिलेले सत्कारमूर्ती पुष्कळदा वाचत नाहीत. कोणाला ठेवायचे हा निर्णय तांत्रिक नाही, संपादकीय आहे. या दुसऱ्या प्रश्नाला व्यवसायात आर्ट डायरेक्शन म्हणतात आणि तो फक्त मूळ फाइलीतच नीट सुटतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ब्राउझरलाच का देता येत नव्हते, हे समजण्यासाठी पान कसे उघडते ते पाहावे लागते. ब्राउझर पानाचा मजकूर वाचू लागताच, मांडणीचे नियम हाती येण्याच्याही आधी, दिसेल त्या चित्राची मागणी सर्व्हरकडे धाडतो, कारण थांबणे म्हणजे वेळ दवडणे. त्या क्षणी पडद्याची रुंदी त्याला ठाऊक असते, पण चित्र किती जागेत बसणार हे ठाऊक नसते. सप्टेंबर २०११ मध्ये प्रकाशित झालेल्या बोस्टन ग्लोब या दैनिकाच्या वेबसाइटीवर, जी रिस्पॉन्सिव्ह पद्धतीचे पहिले मोठे उदाहरण मानली जाते, स्क्रिप्टच्या साह्याने ही मागणी वळवण्याची युक्ती योजली होती. ब्राउझर चित्रे आणखी लवकर मागवू लागले तशी ती निकामी ठरली. त्या कामातले मॅट मार्क्विस आणि इतर यांनी २०१२ मध्ये रिस्पॉन्सिव्ह इमेजेस कम्युनिटी ग्रुप हा गट उभारला. पुढची दोन वर्षे ब्राउझर बनवणारे आणि वेबसाइटी बनवणारे यांच्यात चित्राच्या नव्या खुणेवरून तीव्र मतभेद झाले. अखेर योआव वाइस यांनी क्रोमच्या गाभ्यात ती खूण बसवण्याचे काम लोकवर्गणीच्या बळावर हाती घेतले आणि २०१४ मध्ये ती क्रोममध्ये आली. फायरफॉक्स आणि सफारी पुढच्या दोन वर्षांत मागोमाग आले. सामान्य वेबडिझाइनरांनी पैसे जमवून ब्राउझरात एखादी सोय घालून घेतल्याचे दुसरे इतके ठळक उदाहरण सहसा सांगितले जात नाही.

त्यातून मिळालेली साधने दोन. सोर्ससेट या गुणधर्मात एकाच चित्राच्या वेगवेगळ्या रुंदीच्या प्रती, समजा ४८०, ८००, १२००, १६०० आणि २४०० पिक्सेलच्या, नोंदवता येतात, आणि साइझेस या जोडगुणधर्मात ते चित्र कोणत्या पडद्यावर किती जागा घेईल ते आगाऊ सांगता येते: ९०० पिक्सेलहून रुंद पडद्यावर एकतृतीयांश, एरवी पूर्ण रुंदी. निवड ब्राउझर करतो. दुसरे साधन पिक्चर ही खूण; तिच्यात अमुक रुंदीच्या खाली अमुकच चित्र, अशी अट घालता येते आणि ती ब्राउझरला पाळावीच लागते. पहिली सूचना आहे, दुसरी आज्ञा आहे. डिझाइनरने फाइल सोपवताना कोणत्या चित्राला सूचना पुरे आणि कोणत्याला आज्ञा हवी हे लिहून दिले नाही, तर प्रोग्रॅमर सर्वांना पहिलेच साधन लावतो, कारण त्यात कष्ट कमी आहेत, आणि त्याला दोष देता येत नाही.

मूळ फाइल आखण्याच्या पद्धतींबाबत या क्षेत्रात तीन प्रमुख विचारधारा दिसतात. पहिली पूर्ण पानाची. फोन, टॅबलेट आणि संगणक अशा तीन रुंद्यांची पाने तंतोतंत रंगवायची, ग्राहकाची मान्यता घ्यायची आणि पिक्सेलन्पिक्सेल तसे उतरवून मागायचे. ही पद्धत जुनाट ठरवण्याची आता चाल पडली असली, तरी ग्राहकाला काय मिळणार हे करारापूर्वी दाखवण्याचे दुसरे सोपे साधन नाही. तिचा खरा दोष हा की तीन रुंद्यांच्या मधल्या सगळ्या रुंद्यांबद्दल ती मौन पाळते. दुसरी विचारधारा ब्राउझरमध्येच डिझाइन करण्याची. तिचे पुरस्कर्ते चित्र म्हणून रंगवलेल्या पानाला खोटे वचन मानतात, आणि तत्त्वतः ते बरोबर आहेत, पण ज्याला संकेतलेखन येत नाही अशा चित्रकाराला ती दाराबाहेर ठेवते, आणि भारतात असे उत्तम चित्रकार पुष्कळ आहेत. तिसरी घटकांची. ब्रॅड फ्रॉस्ट यांनी २०१३ पासून मांडलेल्या ॲटॉमिक डिझाइनमध्ये पानाऐवजी बटण, कार्ड, शीर्षपट्टी असे घटक आखले जातात आणि पाने त्यांपासून जुळवली जातात. फिग्माच्या प्रसारामुळे, विशेषतः २०१९ अखेरच्या ऑटो लेआउटमुळे, म्हणजे घटकाने आतल्या मजकुराप्रमाणे स्वतः वाढण्या-आटण्याच्या सोयीमुळे, तिसरी विचारधारा आज वरचढ आहे.

पुस्तकाचा कल तिसरीकडे आहे, तथापि चित्रांच्या बाबतीत ती अपुरी पडते असे त्याचे स्पष्ट मत आहे. कार्डाची चौकट घटक म्हणून आखता येते. तिच्यातले छायाचित्र आखता येत नाही, कारण रोज नवे छायाचित्र तेथे येणार असते. म्हणून प्रत्येक चौकटीबरोबर तिच्यात येणाऱ्या चित्रांसाठी नियम लिहावा लागतो: मुख्य विषय चौकटीच्या कोणत्या भागात असावा, कोणत्या कडेवरून कापलेले चालेल, वर मजकूर येणार असेल तर तेथे किती शांत जागा हवी. शिंपी शिवणीत माया सोडतो तशी चित्राच्या चारही बाजूंना वापरलीच जाईल असे नाही पण लागली तर असावी अशी पार्श्वभूमी ठेवण्याचा आग्रह पुस्तकाने धरला आहे, आणि छायाचित्रकाराला हे छायाचित्रणापूर्वी सांगावे, नंतर नव्हे, हेही बजावले आहे. २०१३ पासून फोटोशॉपमध्ये लेयरच्या नावापुढे पीएनजी वा जेपीजी असे प्रत्यय लावले की त्या त्या फाइली आपोआप निघण्याची सोय आली. तेव्हापासून लेयरचे नाव ही खासगी नोंद न राहता आज्ञा बनली. 'लेयर ४७ प्रत ३' अशा नावांनी भरलेली फाइल कितीही देखणी असली तरी ती अर्धीच तयार आहे.

फाइलप्रकारांची चर्चा नवोदितांना सर्वांत महत्त्वाची वाटते आणि वास्तविक ती सर्वांत लवकर शिळी होते. छायाचित्राला जेपेग, सपाट रंगांच्या किंवा पारदर्शक चित्राला पीएनजी, आणि बोधचिन्हे, नकाशे, आलेख यांसाठी एसव्हीजी, जे पिक्सेलऐवजी रेषांची वर्णने साठवते आणि म्हणून कोणत्याही मापात धारदार राहते, एवढे पक्के असले की पुरते. गुगलने २०१० मध्ये आणलेले वेबपी सफारीने २०२० मध्ये स्वीकारल्यावर सर्वत्र वापरण्याजोगे झाले, आणि त्याहून आटोपशीर असे एव्हीआयएफ २०१९ पासून त्याच वाटेने आले. नवे प्रकार बहुधा सर्व्हरवर आपोआप घडवले जातात. मूळ फाइल उत्तम असेल तर उद्याचा प्रकारही तिच्यातून काढता येतो. पुन्हा पुन्हा जतन करून झिजलेले जेपेगच मूळ म्हणून ठेवले असेल तर काहीच काढता येत नाही.

देवनागरी मजकूर असलेल्या चित्रांना पुस्तकाने दिलेली जागा कोणाला प्रमाणाबाहेर वाटेल, परंतु मराठीत या विषयावर लिहिण्याचे ते मोठे कारण आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या फाँटांत बसवला जाई, ज्यांची अक्षरयोजना खासगी असे. तो फाँट वाचकाच्या संगणकावर नसला की पानावर अगम्य चिन्हांची रांग दिसे. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोडमधली जोडाक्षरेही धड जुळत नसत. त्यामुळे कोरलड्रॉमध्ये मजकूर बसवून, तो कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे निव्वळ आकारांत रूपांतर करून, चित्र म्हणून वेबवर टाकणे हाच भरवशाचा उपाय होता. ती गरज संपली, सवय राहिली. आजही कार्यक्रमांची निमंत्रणे, निविदा, प्रवेशाच्या सूचना आणि सणांच्या शुभेच्छा चित्रांतच लिहिल्या जातात.

रिस्पॉन्सिव्ह पानावर ही सवय महागात पडते. १२०० पिक्सेलच्या फलकावर ४० पिक्सेलचे दिसणारे अक्षर ३६० च्या रुंदीत १२ पिक्सेलचे होते. रोमन अक्षर त्या मापातही तग धरते; देवनागरीला मात्र शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार, आणि मधोमध जोडाक्षरांची दाटी, असे तीन मजले त्याच उंचीत बसवायचे असतात, आणि प्रथम बळी जातो तो अनुस्वाराचा. त्यात जेपेग प्रकाशापेक्षा रंगाचा तपशील कमी राखते आणि चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलांचे ठोकळे करून ते संकोचित करते, त्यामुळे केशरी पार्श्वभूमीवरच्या लाल अक्षरांच्या कडा हमखास विटतात. दृष्टिबाधित वाचकाचा वाचक-प्रोग्रॅम असे चित्र वाचू शकत नाही, शोधयंत्राला ते दिसत नाही, आणि त्यातला दूरध्वनी क्रमांक बोटाने दाबून लावता येत नाही. मजकुराऐवजी मजकुराचे चित्र वापरू नये, हा दंडक वेबसुगमतेच्या २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही आहे. 'एक टाइप' या मुंबईच्या संस्थेने घडवलेले मुक्ता आणि बलू यांसारखे फाँट आता विनामूल्य मिळतात. तेव्हा चित्र वेगळे, त्यावरचा मजकूर खरा आणि वेगळा, आणि दोन्हींचे नाते मूळ फाइलीत दाखवलेले, ही रीत मराठी डिझाइनरांनी अंगी बाणवावी असा पुस्तकाचा आग्रह आहे. सुलेखनाचा प्रश्न तेवढा वेगळा: जेथे अक्षर हेच चित्र आहे, तेथे ते एसव्हीजी म्हणून, पर्यायी मजकुरासह द्यावे.

हा विषय आता मांडण्याची आणखी दोन कारणे आहेत. २०१६ नंतर भारतात मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि फोन हाच अनेकांचा पहिला आणि एकमेव संगणक ठरला. पण डेटा स्वस्त झाल्याने फोनची स्मृती वाढत नाही. दुसरे असे की गुगलने २०२० मध्ये पानाच्या गुणवत्तेची जी मोजमापे जाहीर केली, त्यांत पहिल्या दर्शनातला सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांच्या आत दिसावा असे एक माप आहे, आणि तो घटक पुष्कळदा चित्रच असतो. वर्डप्रेस डिसेंबर २०१५ पासून सोर्ससेट आपोआप लिहिते, त्यामुळे काळजीचे कारण उरले नाही असे अनेकांना वाटते. वर्डप्रेस प्रती काढते हे खरे; परंतु थीममध्ये ते चित्र किती जागा व्यापणार हे त्याला ठाऊक नसल्याने साइझेसमध्ये ते ढोबळ अंदाज लिहिते, आणि एकतृतीयांश रकान्यातल्या चित्रासाठी पूर्ण रुंदीची प्रत मागवली जाते. स्वयंचलन जितके वाढते आहे तितकी मूळ फाइलीतल्या स्पष्ट नोंदीची गरज वाढते आहे, कमी होत नाही. चेहरा ओळखून कापणाऱ्या सेवा आता आहेत. बारा चेहऱ्यांपैकी सत्कार कोणाचा हे त्यांना अजून सांगावे लागते.

पुस्तक कोणत्याही एका साधनाचे मार्गदर्शक म्हणून लिहिलेले नाही. फोटोशॉप आणि फिग्मा यांतली उदाहरणे त्यात आहेत, परंतु मेनूतल्या आज्ञांची जंत्री कटाक्षाने टाळली आहे, कारण ती पुढच्या आवृत्तीत बदलते. त्याऐवजी जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचे मुखपृष्ठ, हस्तकलेच्या वस्तू विकणारे दुकान आणि ग्रंथालयाची वेबसाइट अशी तीन कल्पित कामे आरंभापासून सोपवणीपर्यंत नेऊन दाखवली आहेत, आणि प्रत्येकात निर्णय कोठे अडला व कोणत्या कारणाने कोणता पर्याय सोडला हेही नोंदवले आहे. चलच्चित्रे आणि व्हिडिओ यांना स्वतंत्र पुस्तक लागेल म्हणून ती वगळली आहेत. मुद्रणातून येणाऱ्या वाचकाने रंग आणि रिझोल्यूशन यांवरील भाग आधी वाचावा, तर प्रोग्रॅमरने तो सोडून थेट कापणीच्या भागाकडे जाण्यास हरकत नाही. परिशिष्टात फाइल सोपवताना भरायच्या तक्त्याचा नमुना दिला आहे: चित्राचे नाव, त्याची जागा, लहानात लहान आणि मोठ्यात मोठी रुंदी, न कापायचा भाग, पर्यायी मजकूर, आणि सूचना की आज्ञा हा शेवटचा रकाना. पहिल्या कामात तो भरायला वेळ जातो. पण त्यातला रिकामा राहिलेला प्रत्येक रकाना म्हणजे प्रोग्रॅमरकडून नंतर येणारा एक दूरध्वनी असतो.